हाक ऐकू आली पाहिजे

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफझलपूरहून आलेल्या मिस्त्री बंधूंनो,

हातात पाना धरणाऱ्याला तुम्ही या अध्यक्षपदाच्या खुर्चीवर बसवलेत, तेव्हा बोलतो तेही पान्याचेच: नावेच्या इंजिनाचा आवाज.

आपला हात बसला तो भीमा-मांजरेच्या काठावरच्या डिझेल पंपांवर. किर्लोस्करांनी १९४६ साली पुण्यात ऑईल इंजिनांचा कारखाना काढला आणि ही फटफट शिवाराच्या ओळखीची झाली. पण शेतात इंजिन सुरू करून माणूस बांधापलीकडे जातो. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. नावेत जाणार कुठे? इंजिनापासून चार हातांवर बसायचे आणि खालचा तळ ढोलासारखा घुमतो.

मुळात हा आवाज येतो कुठून? एका सिलिंडरचे फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्या घेते, तेव्हा सेकंदाला साडेबारा वेळा पेट घेते. दर खेपेला एक्झॉस्टची झडप उघडते, दाबातला वायू पाईपमध्ये सुटतो. हा धक्का मोडायचा म्हणजे वायूला पसरायला मोठी पोकळी द्यायची, भोकांच्या नळीतून फिरवायचे. जाड, घुमणारा आवाज लहान डब्याला दाद देत नाही. म्हणून सायलेन्सर ऐसपैस हवा. पण वाट फार आवळली तर मागचा दाब वाढतो, इंजिन तापते, काळा धूर ओकते.

नावेत तर औषध बुडाशीच वाहते आहे. इंजिन थंड करून निघालेले पाणी एक्झॉस्टमध्ये सोडले की वायू निवतो, आकसतो, आवाज बसतो. मात्र पाणी सोडण्याची जागा नदीच्या पातळीपेक्षा चांगली वर हवी आणि पाईपला उतार बाहेरच्या बाजूला. नाही तर बंद इंजिनात पाणी उलटे शिरते आणि पुढच्या स्टार्टला कनेक्टिंग रॉड वाकतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला ही सोय नाही. तिथे मोठा सायलेन्सर, पाईपला ग्लासवूल आणि इंजिनाखाली रबरी पाय. सांधा फुटका ठेवू नका: त्यातून नुसता आवाज नव्हे, कार्बन मोनॉक्साईडही गळतो, आणि त्याला वास नसतो.

सायलेन्सर काढला की ताकद वाढते, ही समजूत आपणच पसरवली. वाढतो तो बहुतेक आवाजच. माझा डावा कान त्याची पावती आहे.

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेने अफझलपूर-जेवरगीची गावे वेढली, तेव्हा राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या नावा आल्या. पुरात माडीवरून कोणी हाक मारली, तर ती नावाड्याच्या कानी पडली पाहिजे. अशा नावांच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनांत बहुधा धूर पंख्याच्या मधून पाण्याखाली सोडतात. आवाजही तिथेच बुडतो. आपल्या जुन्या हरिगोलूला, म्हणजे टोपलीसारख्या गोल नावेला, इंजिनच नव्हते. काठावरची हाक, कानडी असो की मराठी, मधल्या धारेत पोचत असे.

म्हणून विनंती एकच. यापुढे नावेचे इंजिन बसवाल तेव्हा ताकद मोजाच. पण ते चालू ठेवून काठावरून एकाला हाक मारायला सांगा. नावेत ऐकू आली, तरच पैसे घ्या.