न टोचलेल्यांचा हिशेब



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या फ्रीजमध्ये एचपीव्ही या विषाणूवरची लस असते. आई मुलीला घेऊन येते, किंमत विचारते, ‘घरी विचारून सांगते’ म्हणते आणि जाते. परत येतात त्या बहुतेक अशा घरांतल्या, जिथे उद्या काही झालंच तर वेळेवर तपासणी होईल. या विषाणूमुळे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होऊन उशिरा दाखल होणाऱ्या बायका त्या घरांतल्या नसतात. म्हणून माझं म्हणणं असं की ही लस दवाखान्यात एकेकीला देऊन भागणार नाही, ती शाळेच्या वर्गात द्यायला हवी.

ऑस्ट्रेलियाने २००७ साली नेमकं तेच केलं. बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेत लस, आणि पहिली काही वर्षं सव्विशीपर्यंतच्या तरुणींनाही. कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात, पण याच विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे होणारे जननेंद्रियांवरचे चामखीळ काही महिन्यांत दिसतात, आणि ती लस त्यांच्यावरही होती. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत आलेल्या एकवीस वर्षांखालच्या तरुणींमध्ये चामखिळीचं प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होतं, २०११ मध्ये ०.८५ टक्के. हे अपेक्षितच होतं. पण त्याच वयाच्या, मुलींशी संबंध असणाऱ्या मुलांमध्येही ते १२.१ वरून २.२ टक्क्यांवर आलं. या मुलांसाठी तेव्हा सरकारी लसीकरण नव्हतंच, ते २०१३ मध्ये आलं. विषाणूला माणसाखेरीज दुसरं घर नाही. मुलींकडे थारा मिळेना, तशी मुलांपर्यंतची साखळी तुटली. पुरुषांशीच संबंध असणाऱ्या पुरुषांमध्ये मात्र अशी घट दिसली नाही. मुलींच्या लसीचं कवच त्यांच्यापर्यंत कसं पोचणार?

स्कॉटलंडने २००८ मध्ये सुरुवात केली. तिथे वयाच्या विसाव्या वर्षी होणाऱ्या तपासणीत कॅन्सरपूर्व गंभीर बदल ८९ टक्क्यांनी घटलेले आढळले. लस न घेतलेल्या तरुणींमध्येही ते कमी झाले. आणि बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या एकाही स्त्रीला हा कॅन्सर झाल्याचं २०२४ च्या अहवालात दिसलं नाही.

आपल्याकडे २००९ मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत या लसीचा प्रकल्प सुरू झाला आणि २०१० मध्ये बंद पडला. काही मुलींचे मृत्यू झाले होते; त्यांचा लसीशी संबंध नसल्याचं चौकशीत निष्पन्न झालं. पण संमतिपत्रांचं काय? पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या! लसविरोधकांना दोष देण्याआधी आपण ते कागद आठवावेत. गंमत अशी की त्या स्थगितीच्या तडाख्यात कॅन्सर संशोधक डॉ. शंकरनारायणन यांचा याच लसीवरचा एक वेगळा अभ्यासही सापडला. पुणे, बार्शीसह देशभरातल्या केंद्रांवरच्या त्या अभ्यासात हजारो मुलींचा एकच डोस झाला आणि पुढचे राहून गेले. पुढे त्याच मुलींनी दाखवलं की एका डोसचं संरक्षणसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोस पुरेसा मानला, त्यामागे या मुलींचाही पुरावा आहे. एका डोसने निम्मा खर्च वाचतो आणि दुसऱ्या फेरीत गैरहजर राहणाऱ्या मुलीही हातच्या जात नाहीत. पुण्याच्या सीरमची लस आल्यावर खर्चाची सबब आणखी दुबळी झाली. सिक्कीमने तर २०१८ मध्येच शाळांतून लस देऊन जवळपास सगळ्या मुली गाठल्या होत्या.

मुलींच्या आयांना मात्र लसीचा आता फारसा उपयोग नाही, त्यांना तपासणीच हवी. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस ते एकोणसाठ वयाच्या बायकांची एकदाच एचपीव्ही तपासणी केली, तर या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष २००९ चा आहे, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला असून आपल्या तालुक्यांत अजून रुजलेला नाही, याची मला चीड येते.

आता नोंदींबद्दल. स्कॉटलंडला लसीचा परिणाम कळला, कारण तिथे प्रत्येकाचा एकच आरोग्य क्रमांक असतो. लसीची नोंद, तपासणीची नोंद आणि कॅन्सरची नोंद त्या क्रमांकावर जुळवता येते. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ पासून चालू आहे. म्हणजे एक टोक आपल्या हातात आहे. दुसरं टोक शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे. तिथे मुलीचं माहेरचं नाव असतं, लग्नानंतर ते बदलतं, गावही बदलतं, मग वीस वर्षांनी तिला शोधायचं कसं? म्हणून लसीच्या कार्डावर कायमचा क्रमांक आणि संमतिपत्रावर पालकाचीच सही, या दोन गोष्टींचा ठराव दुपारच्या सत्रात मी मांडणार आहे. मसुदा तुमच्या फायलीत आहे. जेवणाआधी वाचून या, आणि हरकती असतील तर लिहून आणा.