तीन तासांच्या आत



बाळंतपणात एखादी गेली की आपल्याकडे म्हणतात, "अंगावरून फार गेलं हो." हे रक्त जाणं रोखायला मदत करणारं एक औषध आहे आणि ते शोधण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. आज आम्ही तुम्हाला त्यांच्याबद्दल सांगणार आहोत. त्यांचं नाव उताको ओकामोतो.

उताकोबाईंचा जन्म १९१८ सालचा, जपानमधला. त्या डॉक्टर झाल्या तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. युद्ध संपल्यावर देशात सगळ्याचीच टंचाई. त्या आणि त्यांचे पती शोसुके टोकियोत संशोधन करू लागले. त्यांनी रक्ताचा विषय निवडला, कारण प्रयोगाला रक्त कमी पडलं तर स्वतःचं काढता येईल! मुलगी तान्ही होती, सांभाळायला कोणी नाही. मग तिला पाठीवर बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत उभ्या राहत. एका सभेत त्या आपलं संशोधन सांगायला उठल्या, तर पुरुषांनी विचारलं, "तुम्ही नाच करून दाखवणार का?" त्यांनी काम सोडलं नाही.

आता त्यांनी काय शोधलं ते बघू. जखम झाली की रक्तात बारीक धाग्यांचं जाळं तयार होतं, त्यात रक्त अडकतं आणि गुठळी होते. तेच जाळं पुढे विरघळवणारा एक पदार्थही आपल्या रक्तात असतो. बाळंतपणानंतर कधीकधी तो फार जोर करतो. गुठळी धरते न धरते तोच सुटते.

डाळीत, दुधात लायसिन नावाचा एक नैसर्गिक घटक असतो. जाळ्याच्या धाग्यांतही तो असतो. विरघळवणारा पदार्थ नेमका तिथेच धाग्याला धरतो. उताकोबाई आणि शोसुके यांनी लायसिनसारख्या पदार्थांवर वर्षानुवर्षं काम केलं. १९६२ साली त्यांनी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे औषध जगापुढे मांडलं. हे औषध त्या पदार्थाचे हातच आधी धरून ठेवतं. मग त्याला जाळं पकडता येत नाही आणि गुठळी टिकते.

हे औषध बाळंतिणींना देऊन बघावं, अशी उताकोबाईंची फार इच्छा होती. पण कोबे शहरातल्या प्रसूतीच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं नाही. शेवटी २१ देशांतल्या २०,००० हून जास्त बाळंतिणींवर मोठा अभ्यास झाला. २०१७ मध्ये निकाल आला. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या बायकांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनेही तीन तासांच्या आत हे इंजेक्शन द्यावं असं सांगितलं. हे बघायला उताकोबाई मात्र नव्हत्या. २०१६ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

मैत्रिणींनो, या गोष्टीतला 'तीन तास' हा शब्द आपल्या कामाचा आहे. दर १५ मिनिटांच्या उशिराने औषधाचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो. तीन तास उलटले की फायदा राहत नाही. आणि आपल्या घरांत वेळ जातो कशात? "थोडं थांबू, जाईल कमी होत." "घरधनी येऊ दे." "गाडी कोणाची सांगायची?"

म्हणून प्रसूती दवाखान्यातच करा. गाडी कोणाची, सोबत कोण, पैसे कुठे ठेवले, हे आठव्या महिन्यातच ठरवा. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांना पाठ हवा. घरी आल्यावरही कपडा भराभर भिजत असेल, बाळंतिणीला चक्कर येत असेल, हातपाय गार पडत असतील, तर कोणाची वाट बघू नका. लगेच निघा. रक्त किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

हे औषध एकटं पुरत नाही. गर्भाशय आवळण्याचं इंजेक्शन, सलाईन, गरज पडली तर रक्त, हे सगळं लागतं. ते दवाखान्यातच मिळतं. पाळीत जास्त जातं म्हणून याच औषधाच्या गोळ्याही दुकानात मिळतात. त्या मनाने घेऊ नका. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल त्यांना त्या धोक्याच्या ठरू शकतात.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटात कोणाकोणाच्या घरी गरोदर बाई आहे, ते विचारा. तिची गाडी ठरली का, तेही विचारा. ठरली नसेल तर त्याच बैठकीत ठरवून उठा.