केवढ्यात किती?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी मोठमोठ्या विषयांवर बोलायची आपल्याकडे रीत पडली. माझा विषय मात्र आठवीच्या ‘बल व दाब’ या धड्यातला, एका ओळीच्या व्याख्येचा आहे. वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता.

मी शिक्षक होतो. ही ओळ वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली. मुलं ती पाठ करत, गणितं सोडवत, गुण मिळवत. एकदा हातातला खडू मोडला म्हणून सहज विचारलं, “आता या अर्ध्या खडूची घनता किती?” वर्ग एका सुरात म्हणाला, “अर्धी, सर!” सूत्र सगळ्यांना येत होतं, घनता कुणालाच येत नव्हती. आणि शिकवणारा मीच होतो.

‘अर्धी’ का म्हणाली मुलं? वजन अर्धं झालं ते हाताला कळतं. आकारमानही तेवढंच कमी झालं, याकडे लक्ष जात नाही. दोन गोष्टी एकदम मनात धरणं अवघड असतं. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर यांनी मुलांना काय तरंगेल, काय बुडेल हे विचारून पाहिलं होतं. लहान मूल एका वस्तूबद्दल म्हणतं, ‘मोठी आहे म्हणून तरंगते’ आणि दुसरीबद्दल म्हणतं, ‘लहान आहे म्हणून तरंगते.’ वस्तूची तुलना तेवढ्याच आकाराच्या पाण्याशी करायची, ही समज यायला बरंच वय जावं लागतं.

त्यात आपली भाषा आणखी गुंता करते. ‘पोतं जड आहे’ आणि ‘लोखंड जड असतं’ या दोन वाक्यांतला ‘जड’ एकच नव्हे. पहिला वजनाचा, दुसरा घनतेचा. ‘घन’ म्हणजे स्थायू, घन म्हणजे सहा बाजूंचा ठोकळा, घन म्हणजे ढगही. मग घनता म्हणजे घट्टपणा असं मुलाला वाटलं तर नवल काय? आणि ‘दाट’ तर सर्वांत फसवा शब्द. गोडंतेल पाण्यापेक्षा दाट दिसतं, सावकाश ओघळतं, तरी पाण्यावर तरंगतं. कारण त्याची घनता पाण्याहून कमी, सुमारे ०.९२ आहे. दाटपणा वेगळा, घनता वेगळी, हे आपण वर्गात स्वतंत्रपणे सांगतच नाही.

मंडळी, गंमत अशी, की आपले आजोबा-पणजोबा घनता जाणून होते. धान्य तेव्हा मापानं मोजलं जाई. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. हे सगळं आकारमान. तरीही जुन्या माणसांना पायलीभर ज्वारी आणि पायलीभर सरकी यांतला फरक हात लावताच कळे. भरदार दाण्याची पायली वजनाला चांगली भरते, पोचट दाण्याची भरत नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवलं? १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली, बाजारात किलो रुळला, ते योग्यच झालं. पण पायली माळ्यावर गेली, आणि ‘केवढ्यात किती’ हा प्रश्नही तिच्यासोबत माळ्यावर गेला. घनता म्हणजे नेमका हाच प्रश्न.

आता आपल्या कापसाकडे या. ‘किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?’ हे कोडं आपण सगळ्यांनी घातलंय. सरकी काढलेला मोकळा कापूस ट्रॉलीत मावत नाही, आणि प्रेसिंगमध्ये त्याची १७० किलोची गाठ बांधली की एक माणूस तिला हलवू शकत नाही. कापूस तोच, वजन तेच. गेली ती मधली हवा. म्हणजे कापूस हलका असतो की हवा? औषधाच्या दुकानातला कापूस पाण्यावर टाकून पाहा. क्षणभरात भिजतो आणि तळ गाठतो. कापसाच्या तंतूची घनता दीडच्या आसपास आहे, पाण्याच्या दीडपट! शेतातल्या कापसावर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो भिजत नाही आणि पोटात हवा धरून तरंगतो. हा प्रयोग दहा रुपयांत होतो. पण त्यानं मुलाला एक प्रश्न कायमचा मिळतो. आकारमान मोजतोय ते नेमकं कशाचं?

विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधत, तेही हेच. डब्यानं वजन जेमतेम वाढतं, आकारमान भरपूर वाढतं, आणि माणूस व डबा मिळून पाण्यापेक्षा कमी घनतेचे होतात.

दूध डेअरीवर घालणाऱ्याला ‘डिग्री’ माहीत असते. दुग्धमापीवर २८ डिग्री म्हणजे घनता १.०२८, म्हणजेच लिटरभर दूध १०२८ ग्रॅम. पाणी घातलं की डिग्री उतरते. पण साय हलकी असते, ती काढली की डिग्री चढते. साय काढून पाणी घालणारा दोन्हींचा मेळ बसवू शकतो. म्हणून तर डेअरीत डिग्रीच्या जोडीला फॅटही पाहतात. पेट्रोल पंपावरच्या फलकावर दरासोबत घनताही लिहिलेली असते, १५ अंश सेल्सिअसला धरून. कारण उन्हानं इंधन फुगतं आणि घनता उतरते. बाजरीच्या बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करतात. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ. अरगट रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, निरोगी बी तळाला बसतं, ते धुऊन, सावलीत वाळवून पेरायचं. डेअरी, पंप, शेत. मुलं रोज या तिन्हींवरून शाळेत येतात.

मग वर्गात काय करावं? माझं सांगणं साधं आहे. पहिले दोन तास सूत्र फळ्यावर आणूच नका. एक वाटी घ्या, एक काटा घ्या. वाळू, सोयाबीन, सरकी, ज्वारी. प्रत्येक वेळी वाटी काठोकाठ भरा, पट्टीनं सपाट करा, वजन लिहा. मग दोन वाट्या, मग तीन. वजन वाढतं, वाट्या वाढतात, पण ‘वाटीमागे किती’ हा आकडा हलत नाही. तो न हलणारा आकडा मुलांनी स्वतः शोधला, की मग त्याला नाव द्या. त्यानंतर कुणीतरी विचारेलच, की दाण्यांमधल्या हवेचं काय? त्या दिवशी मोजपात्रात पाणी घ्या, दाणे सोडा, पाणी किती चढलं ते वाचा. सूत्र शेवटी येऊ द्या. तोवर ते मुलांचंच झालेलं असेल. आणि परीक्षेत एक प्रश्न मोडलेल्या खडूचा असू द्या.

पालकांना आणि व्यापारी बंधूंना एक विनंती करून थांबतो. तुमच्या माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत एखादी लोखंडी पायली, पितळी शेर किंवा चिपटं धूळ खात पडलं असेल. मोडीत घालू नका. घासून-पुसून जवळच्या शाळेत नेऊन द्या, आणि त्यात पहिली ज्वारी तुम्हीच भरून दाखवा.