वाळवंटातील बागेचे वर्ष



जोधपुरात नव्याने राहावयास आलेली मंडळी अंगणात काय लावावे, हे बहुधा फाल्गुनात विचारतात. हवा तेव्हा सुखद असते आणि हातांना उत्साह असतो. त्यांच्या मूळ प्रांतात वसंत हा लागवडीचा काळ असेलही. येथे मात्र फाल्गुनात रोप लावणे म्हणजे मुळे धरण्यापूर्वीच त्याला वैशाखाच्या तोंडी देणे होय. वाळवंटात बाग होत नाही, हा जो समज पसरला आहे त्याच्या मुळाशी पुष्कळदा वाळू नसून पंचांग असते.

येथील हवामानाचे दोन आकडे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे सोपे जाते. जोधपुरास वर्षाकाठी सरासरी ३६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जैसलमेरास २०० मिलिमीटरहूनही कमी. आणि तो बहुतेक सारा जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. उलट, उघड्या भांड्यात ठेवलेले पाणी वर्षभरात दोन मीटरहून अधिक उडून जाते. उन्हाळ्याची तीव्रता किती, तर १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे पारा ५१ अंशांवर गेला होता. आणि याच मरुभूमीतील चुरू गावी पौषात तो कधी कधी शून्याखाली उतरतो. तेव्हा येथील बागेचे वर्ष आषाढात सुरू होते, शिशिरात भराला येते आणि ग्रीष्मात निजते. ही ग्रीष्मातील झोप मोडू नये, एवढेच मला आज मुख्यत्वे सांगावयाचे आहे.

बोरीचे झाड पाहा. चैत्र-वैशाखात तिची पाने गळू लागतात. घरधन्यास वाटते, झाड तहानले. तो कळवळून पाणी घालतो. वास्तविक ते झाड विश्रांती घेत असते आणि या काळात त्याला पाणी न देणेच हिताचे असते. मे महिन्यात त्याची छाटणी करावयाची, तीही हात न आखडता. कारण बोरे लागतात ती त्याच वर्षी फुटलेल्या नव्या फांद्यांवर. पहिल्या पावसाबरोबर हे धुमारे जोमाने वाढतात, भाद्रपदाच्या सुमारास फुलोरा येतो, थंडीत फळ पोसते. ‘गोला’ जातीची बोरे जानेवारीतच तयार होतात, मग ‘सेब’ आणि सर्वांत शेवटी ‘उमराण’. म्हणजे जेव्हा पाणी नसते तेव्हा या झाडाची काही मागणीच नसते. उन्हाळ्यात झाडाखालची माती मात्र खणून उलटी करावी. फळमाशीचे कोश त्या मातीत दडलेले असतात. उन्हाची तिरीप त्यांचा नाश करते. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्याच्याकडून एवढे काम तरी करून घ्यावे!

बोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिचे सोटमूळ अतिशय वेगाने खाली जाते. कुंडीत वा लहान पिशवीत ते वेटोळे घालून बसते आणि असे रोप पुढे कायमचे दुबळे राहते. म्हणून रानबोरीचे बी जागेवरच पेरून, त्या रोपावर पावसाळ्यात चांगल्या जातीचा डोळा भरणे श्रेयस्कर. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने १९५९ पासून अशा कोरडवाहू फळझाडांवर पुष्कळ काम केले आहे.

याच्या नेमकी उलट तऱ्हा खेजडीची. खेजडी म्हणजे आपली शमी. सारी सृष्टी होरपळत असता ती नवी पालवी धारण करते, कारण तिची मुळे फार खोलवर ओल शोधीत गेलेली असतात. ज्येष्ठाच्या आगेमागे तिच्या कोवळ्या शेंगा, ‘सांगरी’, उतरवून वाळवितात आणि वर्षभर भाजीला वापरतात. हिवाळ्याच्या आरंभी फांद्या छाटून पाला गुरांना घालतात. त्यामुळे खालच्या पिकाला थंडीतले ऊनही मिळते. १७३० मध्ये खेजडली गावी हीच झाडे वाचविताना ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण वेचले, हे आपण जाणताच. अंगणात जागा असेल तर पहिले झाड खेजडीचे असावे, असे माझे मत आहे.

भाजीपाल्याचे दोन हंगाम आहेत. पावसावर गवार, काकडी, कलिंगड. भाद्रपद सरता सरता मुळा, गाजर, पालक, मेथी आणि हिवाळी फुलझाडे. जमिनीत मुरलेल्या पावसावर थंडीतले पीक काढण्याची कला जैसलमेरकडच्या ‘खडीन’मध्ये पराकोटीला पोहोचली आहे. खडकाळ माळावरून वाहून येणारे पाणी बांध घालून अडवितात, ते जिरू देतात आणि उरलेल्या ओलीवर, वेगळे पाणी न देता, गहू-हरभरा घेतात. घराच्या बागेत हेच तत्त्व लहान प्रमाणावर चालते. झाडाच्या दोन्ही अंगांची जमीन त्याच्याकडे किंचित उतरती केली म्हणजे झाले.

डाळिंबाविषयी आजकाल फार विचारले जाते, कारण बाडमेर भागात ‘भगवा’ जातीच्या बागा बऱ्याच झाल्या आहेत. महाराष्ट्रातील बागाईतदार मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार ओळखतात. पाणी मोजके असेल तर येथे मृग बहारच धरावा. पाऊस फुलाला मिळतो आणि फळ थंडीत पिकते. आंबे बहाराचे फळ ऐन उन्हाळ्यात पाणी मागते. थंडीत लहान रोपांवर मात्र गवताचे छप्पर करावे आणि ते आग्नेयेस उघडे ठेवावे, म्हणजे दव गोठण्याचे भय कमी होऊन सकाळचे ऊन आत येते.

आता पाण्याविषयी. १९५८ साली काम सुरू झालेल्या आणि पुढे इंदिरा गांधींचे नाव मिळालेल्या कालव्याने हिमालयातील नद्यांचे पाणी येथवर आणले. जोधपूरच्या नळाचे पाणीही आज प्रामुख्याने तेच आहे. या कालव्याने अनेक गावांची तहान भागविली, यात शंका नाही. परंतु जेथे जमिनीखाली कठीण थर होता आणि पाणी सढळपणे दिले गेले, तेथे शेते चिबड झाली व क्षार वर आले. अंगणातही तसेच होते. रोज वरवर शिंपडलेले पाणी उडून जाते आणि आपल्यामागे मीठ ठेवून जाते.

शेवटी एक हिशेब मांडतो. १०० चौरस मीटर छपरावरून, काही गळती-नासाडी वजा जाता, सरासरी पावसात सुमारे २८,००० लिटर पाणी टाक्यात उतरते. ५० चौरस मीटर हिरवळ उन्हाळ्यात जिवंत ठेवावयाची तर, दिवसाला केवळ ८ मिलिमीटर धरले तरी ४०० लिटर लागतात. सत्तर दिवसांत टाके कोरडे. याउलट, बारा लहान झाडांशेजारी मातीचे बिनझिलईचे एकेक मडके गळ्यापर्यंत पुरून ते आठवड्यातून दोनदा दहा-दहा लिटरांनी भरले, तर आठवड्यास २४० लिटर पुरतात. तेच टाके त्या झाडांना दोन वर्षांहून अधिक काळ चालते.