छोटी कुत्री माजावर येते तेव्हा

तुमच्या घरी पॉमेरेनियन किंवा पगची मादी आहे का?
मग आजची माहिती खास तुमच्यासाठी.

छोट्या जातीची कुत्री ६ महिने ते वर्षाची झाली,
की बहुधा पहिल्यांदा माजावर येते.
पुढे साधारण वर्षातून २ वेळा.
प्रत्येक माज सुमारे ३ आठवड्यांचा.

सुरुवातीला रक्तस्राव होतो.
पण ती स्वतःला सारखी चाटून साफ करते.
त्यामुळे रक्त अनेकदा आपल्या नजरेस पडतच नाही.
म्हणून तिच्या अंथरुणावर जुनं, पांढरं सुती कापड घाला.
रोज सकाळी डाग बघा.
आधी लाल.
मग फिकट, गुलाबीसर.

आता नीट ऐका.
डाग फिकट झाला, म्हणजे माज संपला नाही.
उलट, गर्भ राहण्याचे दिवस साधारण तेव्हाच येतात.
शेपटी बाजूला करून ती नराला जवळ येऊ देते.
आणि नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात!
मोठ्या कुत्र्यापासून गर्भ राहिला,
तर या इवल्या जिवाला बाळंतपण फार जड जातं.

पुन्हा सांगते, डाग फिकट झाला तरी सांभाळा.
पट्ट्याशिवाय बाहेर नको.
अंगणात एकटी नको.

माजानंतर महिना-दोन महिने लक्ष ठेवा.
ती फार पाणी पिते? मलूल आहे? जेवत नाही?
गर्भाशयात पू झालेला असू शकतो.
त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

पिल्लं नको असतील, तर नसबंदी करून घ्या.
माज चालू असताना ती सहसा करत नाहीत.
तारीख डॉक्टरांना विचारूनच ठरवा.