चिमण्या आठवतात, उंदीर आठवत नाहीत

मंडळी, दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात वाढलेल्या आमच्या पिढीला एक गोष्ट नक्की ठाऊक होती. कार्यक्रम एकदा हुकला की हुकला! मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि काही वर्षांत पनवेलच्या वाड्यांच्या कौलांवरही अँटेना दिसू लागल्या. आमच्या आळीत टीव्ही एकच. तो शेजारच्या काकांचा. अँटेनावर कावळा बसला की पडद्यावर मुंग्या येत. मग एक जण वर चढायचा आणि खालून सगळे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!"

दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात अधूनमधून एक छोटा चित्रपट लागे. 'एक अनेक और एकता'. जेमतेम सात-आठ मिनिटांचा. जाळ्यात सापडलेल्या चिमण्या जाळं घेऊन उडतात, ही त्यातली गोष्ट. तो लागला की अंगणात खेळणारी पोरं चपला टाकून आत धावत.

परवा तो मी मुलीच्या लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. पहिला धक्का बसला तो रंगांचा. काकांचा टीव्ही कृष्णधवल होता. त्यामुळे हा चित्रपट रंगीत आहे, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. आंबे, खारी, फुलं, सगळं रंगीत! हिंदीत असला तरी अर्थ विचारावा लागत नव्हता, हेही आठवलं. सूर्य एक, चंद्र एक. तारे मात्र अनेक. एवढ्या साध्या हिशेबातून गोष्ट सुरू होते.

दुसरं आश्चर्य श्रेयनामावलीचं. लहानपणी ती कोण वाचतो? १९७४ सालच्या या चित्रपटामागे विजया मुळे होत्या. मुंबईत जन्मलेल्या या बाई लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि पुढे शिक्षण आणि चित्रपट या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी मोठं काम केलं. सत्यजित राय अध्यक्ष असलेल्या फिल्म सोसायट्यांच्या महासंघाच्या उभारणीतही त्या होत्या. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्या कन्या. संगीत वसंत देसाईंचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं आणि साधना सरगम यांचा बालवयातला आवाज. शेवटचं गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचं. विजयाबाई २०१९ साली गेल्या, तेव्हा अनेकांना त्यांचं नाव पहिल्यांदाच कळलं. चित्रपट मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या वयाच्या चार-पाच मित्रांना मी विचारलं, "त्या चिमण्या सुटल्या कशा?" सगळ्यांचं एकच उत्तर : "एकी करून उडाल्या!" पण नुसतं उडून चिमण्या सुटत नाहीत. उडाल्या तरी जाळं अंगावर होतंच. ते तोडलं कुणी? दूरच्या गावाजवळ राहणाऱ्या उंदरांनी. चिमण्यांच्या मित्रांनी.

ही मूळ कथा आपल्या पंचतंत्रातली आणि हितोपदेशातली. तिथे कबुतरांचा राजा चित्रग्रीव आहे आणि हिरण्यक नावाचा उंदीर आहे. हितोपदेशातल्या त्या भागाचं नावच 'मित्रलाभ'. म्हणजे कथेचा भर जितका एकीवर, तितकाच मैत्रीवर. आणि मैत्रीही कुणाशी? ज्याला पंख नाहीत, जो बिळात राहतो, त्याच्याशी. सगळ्या चिमण्या एक झाल्या, तेव्हा त्या जमिनीवरून उठल्या. मोकळ्या झाल्या त्या मात्र चिमणी नसलेल्यांमुळे.

हे बघताना मला आमचं पनवेल आठवत राहिलं. त्या जुन्या गावात कोळीवाडा होता, मुसलमानांचा मोहल्ला होता, बेने इस्रायलींचं १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग होतं. नंतर सिडको आली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभी राहिली. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. आज आमच्या इमारतीच्या एकाच जिन्यावर साताऱ्याचे, केरळचे, बिहारचे आणि इथलेच मूळचे लोक राहतात. 'अनेक' तर आपण झालोच आहोत. पण गणपतीची वर्गणी असो, पाण्याचा टँकर असो, जो तो आधी आपल्या माणसांचा गट बघतो. ज्याची त्याची एकी असते, आणि ती दुसऱ्याविरुद्ध असते. चिमण्या चिमण्यांत, उंदीर उंदरांत! अशाने उडता येईल. जाळं तुटणार नाही.

आणखी एक सांगतो. चित्रपटातला लहानगा गोष्ट मध्येच थांबवून 'व्याध म्हणजे कोण?' असं विचारतो. ताई रागावत नाही. अर्थ सांगते आणि पुढे जाते. नंतर मुलं झाडावरचे आंबे युक्तीने, एकमेकांच्या आधाराने काढतात. शिकवण लगेच हाताला लागते. उपदेश ऐकून कंटाळलेल्या पोरांना हा चित्रपट का आवडला, त्याचं कारण मला आता उमगतं.

तेव्हा मंडळी, घरात लहान मूल असेल तर त्याला मांडीवर घेऊन हा चित्रपट जरूर बघा. मुलं चिमण्यांवर खूश होतील, होऊ द्या. पण त्यांनी मध्येच काही विचारलं, तर थांबून उत्तर द्या. आणि चिमण्या उडून गेल्या म्हणून टाळ्या वाजल्या, तरी गोष्ट तिथे संपवू नका. पुढे उंदरांचं घर लागतं.