भाड्याचे बिऱ्हाड

शहरात बिऱ्हाड शोधणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. जागा पाहावयास आलेल्याची नजर खोल्यांवर असते, तर घरमालकाची नजर पुष्कळदा येणाऱ्याच्या आडनावावर असते. हा अनुभव कोल्हापुरास नवा नाही. खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेल्या बहुजनांच्या मुलांस येथे आसरा मिळेना, तेव्हा शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेले अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. विद्येच्या आधी डोक्यावर छप्पर लागते, हे त्या राजाने ओळखले होते.

आज नोकरीनिमित्त आलेले लहान कुटुंब स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि एक शयनगृह एवढेच मागते. शिवाजी पेठेत वा मंगळवार पेठेत राहिल्यास अंबाबाईचे देऊळ व बाजार जवळ पडतात. राजारामपुरीत वा ताराबाई पार्कात सदनिका अधिक मिळतात. परंतु केवळ भाडे व हवा पाहून भागत नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी दुधाळी, शाहूपुरीतील कुंभार गल्ली अशा सखल भागांत शिरले. तळमजल्याची जागा घेणाराने पाणी कोठवर चढले होते, हे शेजाऱ्यांस विचारावे. भिंतीस नवा रंग दिला की पुराची खूण झाकली जाते. शेजाऱ्याची आठवण झाकली जात नाही.

जागा पसंत पडली की पुष्कळ लोक अनामत रक्कम देऊन तोंडी बोलीवरच सामान हलवितात. पुढे वर्षाच्या मध्येच जागा सोडावयास सांगितले, तर मुलांच्या शाळेचे काय, हा विचार तेव्हा सुचत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. तो अकरा महिन्यांचा असला तरी यातून सूट नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलटपक्षी, अनुज्ञप्तीची मुदत संपूनही जागा अडवून बसणारास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

म्हणजे कायदा दोघांसही सारखाच बांधतो. भाडे, अनामत, मुदत आणि दुरुस्तीचा खर्च या चार गोष्टी आरंभीच कागदावर उतरल्या, तर घरमालक निश्चिंत राहतो, आणि परक्या गावी आलेल्या गृहिणीस चूल मांडताना धीर येतो.